पायाखालचे लाकूड



आपल्या मराठीत ‘जमीन’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. शेतात नांगर घालतो ती जमीन आणि घरात आपण बसतो, जेवतो, पाठ टेकतो तीही जमीनच. शेतकरी बियाणं घ्यायला तालुक्याला जातो, तेव्हा पिशवीवरचं कणसाचं चित्र पाहून तो पैसे मोजत नाही. आपली जमीन काळी की मुरमाड, पाणी धरणारी की निचऱ्याची, हे त्याच्या मनात आधीच पक्कं असतं. घरातल्या जमिनीची वेळ आली, की मात्र हाच शहाणा माणूस दुकानात टांगलेल्या नमुन्याला भुलतो. तांबूस सागवानी रंग, त्यावर लाकडाच्या रेषा आणि गाठी. हात फिरवला तर गुळगुळीत, पाय ठेवला तर फरशीसारखा गारठा नाही. दुकानदार म्हणतो, “गुरुजी, दोन दिवसांत खोली तयार. ना सिमेंट, ना वाळू, ना पॉलिश.” आणि गुरुजींच्या मनात खोली तयार झालेलीसुद्धा असते!

या वस्तूला बाजारात लॅमिनेट फ्लोअरिंग किंवा नुसतं ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात. शहरात ती बरीच रुळली, आता तालुक्याच्या गावीही मिळते. ती घ्यावी की घेऊ नये, घेतली तर कुठे आणि कशी बसवावी, याचा आज आपण थोडा विचार करू. मी काही गवंडी नव्हे की सुतार नव्हे. मी भूगोलाचा अध्यापक. पण या प्रश्नात सुताराइतकाच पावसाचा आणि मातीचा संबंध आहे. म्हणून ही लुडबूड.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. नावात लाकूड असलं, तरी ही फळी झाडातून कापून काढलेली नसते. तिच्यात चार थर असतात. मधला जाड थर असतो लाकडाच्या बारीक तंतूंचा. हे तंतू आणि राळेसारखा चिकट पदार्थ एकत्र करून, मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत त्यांचा घट्ट तक्ता बनवतात. त्यावर असतो एक कागद. होय, कागदच. लाकडाच्या रेषा छापलेला. त्या कागदावर मेलामाइनचा पारदर्शक, टणक थर असतो आणि त्यात अल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात, म्हणून वर सहसा चरे पडत नाहीत. तक्ता वाकडा होऊ नये म्हणून खालच्या अंगालाही एक थर दिलेला असतो. थोडक्यात, वर लाकडाचं चित्र आणि पोटात लाकडाचा भुसा. पण म्हणून ती फसवणूक आहे असं मात्र कुणी समजू नये. वस्तू चांगली आहे. ती काय आहे हे ओळखून वापरली पाहिजे, इतकंच.

हिचा जन्म स्वीडनचा. तिथल्या पेर्स्टॉर्प कंपनीनं १९७७ साली ही कल्पना काढली आणि पुढे १९८४ पासून ‘पर्गो’ या नावानं ती युरोपात विकायला सुरुवात केली. सुरुवातीला फळ्या सरसानं एकमेकींना चिकटवाव्या लागत. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवण्याची युक्ती निघाली आणि बसवण्याचं काम फारच सोपं झालं. आता स्वीडनमधलं घर कसं असतं? हिवाळ्यात आतून ऊब देऊन कोरडं ठेवलेलं. दारातच जोडे काढायचे आणि जमीन पुसायची ती घट्ट पिळलेल्या फडक्यानं. आपल्याकडे सणावाराला बादलीभर पाणी ओतून खराट्यानं घर धुण्याची रीत आहे. ती रीत या फळीच्या जन्मगावी नाही. वस्तू परदेशची म्हणून वाईट नव्हे. पण ती कोणत्या हवेत वाढली, हे सून घरात आणताना जसं पाहतो, तसं पाहायला हवं.

आपल्या लोकांना लाकडी जमिनीचं वावडं होतं, असंही नाही. जुने वाडे आठवून पाहा. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर इथे सारवलेली जमीन किंवा दगडी फरशी. जिना चढून माडीवर गेलात, की पायाखाली लाकूड. तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. लाकूड मुबलक असतानाही त्या लोकांनी ते खाली का अंथरलं नाही? कारण मातीला लागून असलेलं लाकूड ओल धरतं, कुजतं आणि वाळवीला निमंत्रण देतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. माडीवरच्या लाकडाला वरून-खालून वारा मिळे, म्हणून ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. जमिनीला दगड-माती आणि माडीला लाकूड ही विभागणी त्यांनी उगाच केलेली नव्हती. आज आपण लॅमिनेट घेतो, तेव्हाही हाच नियम लागू पडतो, किंबहुना अधिकच. सागाची फळी ओल थोडीफार सोसते. दाबलेल्या तंतूंचा तक्ता एकदा का पाणी प्याला, की फुगतो, आणि फुगलेला पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

तेव्हा रंग आणि रेषा निवडण्याआधी, आपली खालची जमीन कशी आहे हे तपासणं हे पहिलं काम. त्यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट ओल. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा कोबा, म्हणजे आपली सिमेंटची जमीन, खालच्या मातीतलं पाणी वर ओढत असते. ते पाणी डोळ्यांना दिसत नाही, कारण वर येता येता हवेत उडून जातं. त्यावर आपण फळ्या अंथरल्या, की त्याची वाट बंद होते आणि मग ते फळीत शिरतं. ही ओल आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येतं. दीड फूट लांब-रुंद असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. कोरड्या कोब्यावर तो पसरून चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद करा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. नंतर उचलून बघा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दव जमलं असेल किंवा तिथला कोबा काळपट पडला असेल, तर खाली ओल आहे. ही परीक्षा खोलीत तीन-चार ठिकाणी घ्यावी, विशेषतः बाहेरच्या भिंतीलगत आणि न्हाणीशेजारी.

पण ही परीक्षा कोणत्या ऋतूत घ्यायची? इथेच बरेच लोक चुकतात. उन्हाळ्यात, सुट्टीत, हाताशी वेळ असतो. मे महिन्यात विदर्भातली जमीन काय आणि कोकणातली काय, कोरडीच वाटणार. त्या निकालावर विसंबू नये. परीक्षा घ्यावी श्रावणात, जमीन पाणी पिऊन तृप्त असते तेव्हा. आणि काम काढावं मार्गशीर्षात, हवा कोरडी आणि समशीतोष्ण असते तेव्हा. एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलंत, तरी या भाषणाचं सार्थक झालं असं मी समजेन.

माझ्या परिचयाचे कोकणातले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी घर नीट केलं आणि हौसेनं तळमजल्यावरच्या माजघरात या फळ्या बसवून घेतल्या. काम झालं वैशाखात. खोली अशी दिसू लागली, की शेजारीपाजारी मुद्दाम पाहायला येत. मृग पडला, आषाढ गेला, आणि श्रावणात फळ्यांच्या कडा ओठ काढल्यासारख्या वर आल्या. भाजताना पापड मध्येच फुगतो, तशी खोलीच्या मध्यावर जमीन उचलली गेली. त्यांच्या नव्वदीच्या आईचा पाय त्या उंचवट्याला अडखळला. भिंत जवळ होती म्हणून निभावलं. विकणारा म्हणाला, “तुम्ही पाणी सांडलंत.” बसवणारा म्हणाला, “मालच हलका होता.” शेवटी दोन-चार फळ्या उचलून पाहिल्या, तर खालून काळ्या पडलेल्या आणि बुरशीचा वास. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नव्हता आणि फळ्या भिंतीला घट्ट भिडवलेल्या होत्या. माल हलका नव्हता आणि पाणीही कुणी सांडलं नव्हतं. जमिनीला कुणी विचारलंच नव्हतं. आज त्या माजघरात पुन्हा तोच कोबा आहे आणि त्यावर चटई. आई निर्धास्त चालतात. पण आयुष्यभराच्या कमाईतला एक हिस्सा गेला तो गेलाच.

दुसरी गोष्ट सपाटी. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवून पाहा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दोन नाणी एकावर एक सरकतील एवढी फट दिसली, तर आधी जमीन सारखी करून घ्यावी. खाली खळगा राहिला, की पाय पडेल तेव्हा फळी दबते, टकटक वाजते आणि शेवटी तिची जीभ मोडते. काळ्या रेगुर मातीच्या प्रदेशात इथे विशेष जपावं लागतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावरच भर टाकून कोबा केला असेल, तर तो दरवर्षी हलणार. नवं घर बांधत असाल, तर काळी माती उपसून मुरूम भरा, पाणी मारून नीट चोपा, जोतं उंच घ्या आणि कोबा ओतण्यापूर्वी खाली जाड प्लास्टिकचा कागद घाला. हा खर्च एकदाचाच आणि नंतर करता न येणारा. आणि कोबा नवा असेल तर धीर धरा. ढोबळ हिशेब असा, की दर इंच जाडीला सुमारे महिनाभर तो वाळायला लागतो. चार इंचांचा कोबा असेल, तर चार महिने.

तिसरी गोष्ट वाळवी आणि वरचं पाणी. भिंतीच्या तळाशी मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील, तर तिथे वाळवी आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय हा तक्ता अंथरणं म्हणजे तिला ताट वाढणं आहे. आणि जिथे पाणी रोजचंच, अशा स्वयंपाकघर, न्हाणी, पाण्याची जागा, ओटी, ओसरी या ठिकाणी या फळीचं काम नाही. तिथे आपली शहाबादी, कोटा, कडप्पा, नाहीतर साध्या खरखरीत लाद्याच बऱ्या. हे दगड चुनखडीच्या जातीचे. लिंबू-चिंचेनं त्यांना डाग पडतील, पण पाण्यानं ते फुगत नाहीत.

मग ही फळी शोभते कुठे? वरच्या मजल्यावर झोपायची खोली, मुलांची अभ्यासाची खोली, म्हाताऱ्या माणसांची निजण्या-बसण्याची कोरडी खोली. आपण जमिनीवर बसणारी माणसं. थंडीत निफाडकडचा गारठा ज्यांनी सोसला आहे, त्यांना पायाखालच्या उबेची किंमत सांगायला नको. शाळेचं वाचनालय वरच्या मजल्यावर असेल आणि मुलं खाली बसून वाचत असतील, तर तिथेही ही चांगली.

आता निवडीकडे वळू. दुकानात चार प्रश्न विचारावेत. पहिला, जाडी किती? घरासाठी आठ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. बारा मिलिमीटरची फळी पायाला अधिक भरीव वाटते, पण जाड फळी म्हणजे पाण्याला न भिणारी फळी, असं नव्हे. दुसरा, झिजेची प्रत कोणती? ती ‘एसी’ या अक्षरांपुढच्या आकड्यानं दाखवतात. आकडा जितका मोठा, तितकी वरची बाजू झिजेला टणक. घराला एसी-३ पुरते, जास्त वर्दळीला एसी-४ घ्यावी. तिसरा प्रश्न, ‘ई-१’ अशी खूण आहे का? तक्ता चिकटवण्याच्या पदार्थातून फॉर्मल्डिहाइड नावाचा, डोळ्यांना झोंबणारा वायू थोडाथोडा सुटतो. तो मर्यादेत असल्याची ही खूण आहे. लहान मुलं जमिनीवर निजतात त्या घरात ही पाहिलीच पाहिजे. चौथा प्रश्न, ‘वॉटरप्रूफ’ म्हणता ते कोणत्या अर्थानं? बहुधा वर सांडलेलं पाणी काही तास आत शिरत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. खालून येणाऱ्या ओलीशी त्याचा संबंध नाही. अशाच दिसणाऱ्या, दगडाची पूड आणि प्लास्टिक यांच्या ‘एसपीसी’ फळ्याही मिळतात. त्या पाण्यानं फुगत नाहीत, पण ती वस्तू वेगळी. बिलावर कोणती लिहिली आहे, ते वाचून घ्यावं. शिवाय नमुन्याचा एकेक तुकडा मागून घ्या, घरी रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि आधी-नंतर कडेची जाडी मोजा. थोडे सगळेच फुगतील, पण जास्त कोण फुगतं ते कळेल.

हिशेब सोपा आहे. खोली बारा फूट बाय दहा फूट, म्हणजे १२० चौरस फूट. कापण्यात वाया जाणाऱ्यासाठी दहा टक्के जास्त, म्हणजे १३२. एका खोक्यात समजा २० चौरस फूट माल असेल, तर सात खोकी. उरलेल्या फळ्या परत करू नका. या फळीला रंधा मारून पुन्हा नवी करता येत नाही, कारण वरचं चित्र कागदाइतकंच पातळ आहे. पुढे एखादी खराब झाली, तर त्याच रंगाची फळी घरात असलेली बरी.

बसवताना सुतारावर सोडून निघून जाऊ नका. समोर उभं राहून पुढच्या गोष्टी पाहा. खोकी आल्यावर, न फोडता, त्याच खोलीत आडवी ठेवून ४८ तास जाऊ द्या, म्हणजे फळ्या त्या हवेला सरावतात. जमीन झाडून, पुसून पूर्ण कोरडी करा. तळमजला असेल तर आधी प्लास्टिकचा कागद अंथरा. दोन कागदांच्या कडा वीतभर एकमेकांवर याव्यात आणि चिकटवलेल्या असाव्यात. हा कागद झिरपणारी वाफ अडवतो, ओलीचा झरा अडवत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोम. मग फळ्या. खिडकीतून उजेड येतो त्या दिशेला फळ्यांची लांबी ठेवली, तर सांधे डोळ्यांत भरत नाहीत. आधी खोली मोजून घ्या. शेवटची ओळ दोन इंचांहून अरुंद येत असेल, तर पहिली ओळही कापून घ्यावी. विटांच्या थरात गवंडी जसे सांधे चुकवतो, तसे इथेही शेजारच्या दोन ओळींतले सांधे निदान फूटभर चुकवावेत. फळीवर थेट हातोडी मारू नये, मध्ये लाकडी ठोकळा धरावा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट भिंतीलगतच्या फटीची. ही जमीन खिळ्यांनी जखडलेली नसते, सतरंजीसारखी नुसती अंथरलेली असते. पावसाळ्यात ती पसरते, उन्हाळ्यात आवळते. तिला हलायला चारही बाजूंनी सुमारे दहा मिलिमीटर जागा हवी. भिंतीशी लाकडाच्या पाचरी लावून ती राखतात आणि काम झाल्यावर पाचरी काढून घेतात. दाराच्या चौकटीशीही ती हवी. त्यासाठी चौकटीचा तळ थोडा कापून फळी खाली सरकवतात. वरून स्कर्टिंगची पट्टी बसली, की फट दिसत नाही. पण ती पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नव्हे. सुतार म्हणेल, “साहेब, फट कशाला? घट्ट बसवून देतो.” तिथे मान डोलावू नका. भिंतीत बसवलेलं जड कपाटही या फळ्यांवर उभारू नये. तेही तिला खिळ्यासारखंच जखडतं.

निगा थोडकी, पण रोजची. दारात पायपुसणं हवं, कारण वाळूचा खडा हा हिचा वैरी. झाडून घ्यावं, पिळलेल्या फडक्यानं पुसावं, पाणी सांडलं तर लगेच टिपावं. बादली ओतून धुण्याची हौस अंगणात पुरी करावी. आणि घरातल्या बाईमाणसांना ही अट आधी सांगा. आधी सांगा म्हणण्यापेक्षा, आधी विचारा. जमीन रोज झाडणार-पुसणार ती त्या. त्यांना ही रीत जमणारी नसेल, तर खोलीला फरशीच योग्य, आणि त्यात कमीपणा काही नाही. खाली ओल असताना फळीला ‘नको’ म्हणणं हीसुद्धा निवडच आहे, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना जाता जाता एक सुचवतो. ती प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा वर्गात मुलांकडून करून घ्या. एकदा श्रावणात, एकदा वैशाखात, त्याच जागी. एक तळमजल्याच्या खोलीत आणि जमलं तर एक माडीवर. कुठे दव जमलं, कुठे नाही, हे मुलांनी वहीत लिहून ठेवावं. बाष्पीभवन आणि केशाकर्षण हे धड्यातले जड शब्द त्यांना एका कागदाखाली डोळ्यांनी पाहायला मिळतील. आणि उद्या त्यांच्या घरी कुणी फळ्यांचा नमुना हातात धरून उभा राहिला, तर त्यांच्यातलाच एखादा मुलगा बापाला विचारील, “बाबा, आपली जमीन श्रावणात बघितली होती का?”